दगडाची खालची बाजू

वाहत्या ओढ्यातला तळहाताएवढा दगड उचलला, तर त्याची वरची बाजू आपल्या ओळखीची असते. शेवाळ, थोडा गाळ, उन्हात तापलेला काळा कातळ. खालची बाजू बहुतेकांनी नीट पाहिलेली नसते. तिथे तपकिरी दोरे फांद्या फोडत पसरलेले दिसतात, कुठे राखाडी-हिरवट खरखरीत थर बसलेला असतो, कुठे लिबलिबीत पारदर्शक ठिपका. बोटाला काहीतरी बुळबुळीत लागतं, ‘शेवाळ आहे’ म्हणून आपण दगड परत पाण्यात टाकतो आणि हात धुतो. त्यातलं बरंचसं शेवाळ नसतं. ते प्राणी असतात. ते खातात, श्वास घेतात, त्यांना पिल्लं होतात. एवढंच की एकदा बसले की सहसा जागा सोडत नाहीत.

या जिवांविषयी लिहावं असं फार दिवस मनात आहे. वाघांवर, पाखरांवर, फुलपाखरांवर मराठीत भरभरून लिहिलं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण नदीकाठी, तळ्याकाठी, विहिरीवर लहानाचे मोठे झालेल्या आपल्या लोकांनी पाण्याखालच्या या वस्तीकडे फारसं पाहिलं नाही. याची खंत मला जास्तच वाटते, कारण या वस्तीचा बारकाईने अभ्यास जगात ज्या मोजक्या ठिकाणी लवकर सुरू झाला त्यांत मुंबई होती, आणि नागपूरही होतं.

आधी पाहायचं कसं ते सांगते. ओढ्यातला छोटा दगड, पाण्यात बुडालेली काडी किंवा कमळाच्या पानाचा देठ घ्यावा, काचेच्या बरणीत त्याच ओढ्याचं पाणी भरून त्यात अलगद ठेवावा आणि बरणी न हलवता थांबावं. सुरुवातीला काहीच दिसत नाही. धक्का बसल्यामुळे सगळे आत गेलेले असतात. पाच-दहा मिनिटांनी त्या तपकिरी दोऱ्याच्या टोकांतून काहीतरी हळूच वर येऊ लागतं. साधं भिंग पुरतं. प्रत्येक टोकातून शुंडकांचा एक नाजूक मुकुट उमलतो, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, इतका पारदर्शक की त्याच्या पलीकडचं पाणी दिसावं. शुंडकांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह तयार होतो आणि त्यातून वाहत येणारे शैवालाचे आणि जीवाणूंचे कण मधल्या तोंडात जातात. बरणीला टिचकी मारा, सगळे मुकुट डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. पुन्हा थांबा, पुन्हा एकेक वर येतो. पाहून झालं की दगड होता तिथेच आणि होता त्याच बाजूवर ठेवायचा, कारण त्या बाजूवरच त्यांचं जगणं अवलंबून असतं.

हा प्लुमाटेला. ब्रायोझोआ नावाच्या मोठ्या प्राणिसंघातला. तो दोरा म्हणजे एक प्राणी नव्हे, शेकडो जिवांची वसाहत आहे. पहिला जीव बसतो, त्याला अंकुर फुटून दुसरा येतो, दुसऱ्याला तिसरा, आणि सगळे एकमेकांना आतून जोडलेले राहतात. एकाने खाल्लेलं दुसऱ्यालाही पोचतं. ब्रायोझोआंच्या आज जिवंत असलेल्या सहा हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या समुद्रातल्या. गोड्या पाण्यात जेमतेम नव्वदेक. त्यांतल्याही बहुतेक एकाच वर्गातल्या, जो समुद्रात कुठेच सापडत नाही. म्हणजे फार पूर्वी कधीतरी एका शाखेने समुद्र कायमचा सोडला आणि नद्या-तळ्यांत संसार थाटला.

शेजारी दुसरे असतात. तो खरखरीत थर स्पंजाचा. होय, गोड्या पाण्यातही स्पंज असतात, जगभरात दोनशेहून अधिक जातींचे. त्यांना तोंड नाही, पोट नाही, नसा नाहीत. अंगभर छिद्रं आणि आत सिलिकेच्या, म्हणजे काचेच्याच द्रव्याच्या, सूक्ष्म काट्यांचा सांगाडा. हाताला खरखर लागते ती त्यांचीच. उजेडात वाढलेला स्पंज हिरवा दिसतो, कारण त्याच्या पेशींमध्ये शैवाल मुक्कामाला असतं. अंधाऱ्या बाजूचा तोच स्पंज राखाडी किंवा मळकट पिवळा. पाणवनस्पतीच्या पानाखाली हायड्रा लटकत असतो, लांब सडपातळ शुंडकं पसरून, एखाद्या पाणपिसवेची वाट पाहत. आणि त्याहून लहान, भिंगाखालीसुद्धा निरखूनच पाहावे लागतात असे चिकटून राहणारे रोटिफर. त्यांतला फ्लोस्क्युलारिया आपलं घर स्वतः बांधतो. पाण्यातले कण गोळा करून डोक्याजवळच्या एका खळग्यात त्यांची गोळी वळतो, ती नळीच्या काठावर नेमकी बसवतो, मग पुढची गोळी. मिलिमीटरभराचा प्राणी एकेक वीट रचत स्वतःभोवती मनोरा उभा करतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवेना.

एका जागी राहणं म्हणजे काय, याचा विचार करण्यासारखा आहे. या जिवांना आयुष्यात एकदाच निवड करता येते. बहुतेकांचं पिल्लू काही तास किंवा दिवसभर पोहत असतं आणि त्या वेळात त्याला जागा शोधायची असते. एकदा टेकलं की पुढचं सगळं त्या जागेवर. हायड्रा गरज पडली तर कोलांट्या घेत थोडा सरकतो, पण बाकीच्या बहुतेकांना ती सोय नसते. अन्न पाण्याने आणून दिलं तर मिळणार. प्राणवायू पाण्याने आणला तर मिळणार. आणि साबण, कीटकनाशक, गटाराचं पाणी आलं तर तेही अंगावरून जाणार. मासा निघून जातो, खेकडा बिळात शिरतो, चतुराची अळी सरकते. हे तिथेच असतात. म्हणून एखाद्या ओढ्याची तब्येत कशी आहे हे माणसाने नेलेल्या एका बाटलीभर पाण्यापेक्षा या वस्तीला विचारणं मला जास्त भरवशाचं वाटतं. बाटलीतलं पाणी त्या दिवसाचं सांगतं. वसाहत गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगते.

खालचीच बाजू का, हेही यातूनच कळतं. वरच्या बाजूवर ऊन पडतं, तिथे शैवाल जोराने वाढतं आणि हळू वाढणाऱ्या प्राण्याला झाकून टाकतं. शिवाय गाळ वरूनच बसतो. पाणी गाळून जगणाऱ्या जिवाच्या छिद्रांवर गाळाचा थर बसला की तो उपाशी मरतो. खाली सावली आहे, गाळ नाही, आणि दगडाच्या फटीतून पाणी मात्र खेळतं. पण त्यासाठी दगड तळावर थोडा अधांतरी टेकलेला हवा. नदीचं पात्र बारीक मातीने भरून दगड रुतून बसले, की पाणी तसंच वाहत राहतं, दिसायला नदी तीच, आणि खालची सगळी वस्ती गुदमरून संपलेली असते. डोंगर खरवडून रस्ते काढले, की खालच्या ओढ्यांत हे होतं. वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे याहून मोठी अडचण उन्हाळ्याची. युरोपातल्या तळ्यांत हिवाळा कठीण. दख्खनच्या तळ्यांत एप्रिल-मे. काठ मागे सरकतो, चिखलाला भेगा पडतात, फांद्यांवरचे स्पंज वाळून भुरभुरीत होतात. जागा न सोडणाऱ्या जिवाने अशा वेळी करायचं काय? त्याने यावर काढलेला मार्ग मला साऱ्या प्राणिसृष्टीतल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो. पाणी आटण्याआधीच स्पंज आपल्या शरीरात लहान गोल कण तयार करतो. त्यांना जेम्यूल म्हणतात. आत अन्नाने भरलेल्या पेशी, बाहेर चिवट कवच, कवचावर काट्यांचं चिलखत. ब्रायोझोआ जवळपास हेच वेगळ्या रीतीने करतात. त्यांच्या बिजांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. दोन बशा एकमेकींवर ठेवून कडा मिटवाव्यात तशी त्यांची रचना. काहींच्या कडेला हवेने भरलेलं कडं असतं, ती पाण्यावर तरंगत दूर जातात. काही मात्र मूळ जागेलाच घट्ट चिकटवून ठेवलेली असतात. एकाच वसाहतीने दोन्ही प्रकारची बीजं करावीत, काही बाहेर पाठवावीत आणि काही घरी राखावीत, ही तरतूद किती दूरदृष्टीची आहे! वसाहत मरते. तळं कोरडं पडतं, गुरं त्यातून चालतात, पोरं क्रिकेट खेळतात. आणि पहिल्या पावसाचं पाणी भरल्यावर काही दिवसांत त्याच दगडावर तोच तपकिरी दोरा पुन्हा पसरू लागतो.

हे सगळं मुंबईत बसून ज्यांनी पाहिलं ते हेन्री जॉन कार्टर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर, जन्म १८१३ चा. गंमत अशी की १८५८ पासून मुंबईत दुसरेही एक डॉक्टर कार्टर होते, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातल्या प्रसिद्ध आकृत्या काढणारे. दोघांची गल्लत आजही होते. आपले कार्टर स्पंजांचे. अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या जहाजावर काम करून ते मुंबईला आले, इथल्या एशियाटिक सोसायटीचे सचिव झाले, भूविज्ञानाचे लेख संपादित केले, आणि रिकाम्या वेळात मुंबई बेटावरच्या तळ्यांतून स्पंज गोळा करत राहिले.

१८४९ साली त्यांनी मुंबई बेटातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर एक सविस्तर लेख प्रसिद्ध केला. काळ लक्षात घ्या. स्पंज हा प्राणी की वनस्पती, यावरचा वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता. कार्टर यांनी जेम्यूल पाण्यात ठेवून त्यातून नवा स्पंज कसा उगवतो ते दिवसेंदिवस बसून पाहिलं, त्याच्या पेशी अमिबासारख्या सरकतात हे नोंदवलं. आल्बा, सिनेरिया, प्लुमोझा ही त्यांनी तेव्हा दिलेली जातिनावं आजही वैध आहेत. म्हणजे जगाच्या कुठल्याही संग्रहालयात या जातींचा स्पंज ओळखायचा असेल, तर मूळ वर्णन मुंबईच्या तळ्यातल्या नमुन्याचं आहे. भारतात सगळ्यात सहज सापडणाऱ्या स्पंजांपैकी एक, युनॅपिअस कार्टराय, हा त्यांच्याच नावाचा. ते नाव बोवरबँक या इंग्रज अभ्यासकाने १८६३ मध्ये दिलं. कार्टर १८६२ साली इंग्लंडला परतले, पण स्पंज सुटले नाहीत. १८७२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं. त्या मानाची पायाभरणी मुंबईच्या तळ्यांकाठी झाली होती.

आता ती तळी शोधायला जावं, तर हाती नावं लागतात. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. बसचे थांबे आहेत, पाणी नाही. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं तशी तळ्यांची गरज कमी झाली; पुढे मलेरिया डासांमुळे होतो हे कळल्यावर शहरातल्या विहिरी आणि तळी बंद करण्याची मोहीमच निघाली. माणसं तापाने मरत होती, त्या वेळच्या लोकांना दोष देण्याचं मला धाडस नाही. तरी एक गोष्ट जाणवते. तळी बुजवताना पाण्याचा, डासांचा, जमिनीच्या भावाचा विचार झाला. या पाण्यात जगाला नवी असलेली प्राणिसृष्टी राहते आणि तिची नोंद छापून झालेली आहे, हा विचार कुणाच्या मनात आल्याचं दिसत नाही.

मुंबईच्याच पाण्यातला एक जीव मात्र जगभर गेला. कार्टर यांना इथे एक जेलीसारखा ब्रायोझोआ सापडला होता. १८६६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ हायट यांनी त्याला कार्टर यांचं नाव दिलं. आज त्याला लोफोपोडेला कार्टराय म्हणतात. याची बीजं खसखशीच्या दाण्याएवढी, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना बारीक आकड्या. बदकाच्या पिसात, पाणवनस्पतीच्या मुळात, कोळ्याच्या जाळ्यात ती अडकतात. चार वर्षांहून जास्त काळ कोरडी ठेवलेली बीजंही पाण्यात घातल्यावर उगवल्याची नोंद आहे. १९३४ साली मेरी रोजिक या बाईंनी हा प्राणी अमेरिकेतल्या ईरी सरोवरात सापडल्याचं प्रसिद्ध केलं. जपानातही तो आहे. दिसायला इतका मऊ, पण त्याची वसाहत चिरडली गेली तर तिच्यातून निघणारा द्रव माशांचे कल्ले जाळून त्यांना मारू शकतो. पळून जाता न येणाऱ्या प्राण्याने स्वतःचं रक्षण कसं करावं, याचं उत्तर त्याने रसायनात शोधलं आहे.

नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी होते. शाळा काढणं हे त्यांचं काम, आणि उरलेल्या वेळात विदर्भातले दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी गोळा करणं. गोंडांच्या लिंगोची कथा त्यांनी लिहून घेतली ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख मिळाले. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या शांततेत इथे तळी होती, त्यांत जीव नांदत होते, मग पुन्हा लाव्हा आला. आजच्या तळ्याच्या काठावर उभं राहून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा काठ हातात धरणारा हा माणूस होता. १८५८ मध्ये कार्टर यांनी नागपूरकडच्या एका गोड्या पाण्यातल्या ब्रायोझोआचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं हिस्लॉपिआ. पाच वर्षांनी, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात वाहून गेले. नागपुरातलं महाविद्यालय त्यांच्या नावाने सगळ्यांना माहीत आहे. हा प्राणी कुणाला माहीत नाही.

हिस्लॉपिआ पाहण्यासारखा आहे. प्लुमाटेलासारखा फांद्या फोडत नाही. शंखांवर, काड्यांवर, पानांच्या देठांवर तो सपाट, पातळ, जवळजवळ अदृश्य पापुद्रा पसरतो. त्यात एकाला एक लागून लांबट कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक जीव. त्याचा मुकुटही नालेच्या आकाराचा नसून साधा गोल. कारण तो त्या समुद्र सोडलेल्या शाखेचा नाही. त्याचे जवळचे नातलग आजही समुद्रात राहतात. याच्या पूर्वजांनी वेगळ्या काळी, वेगळ्या वाटेने गोडं पाणी गाठलं. स्टॅटोब्लास्टही तो करत नाही. एकाच कमळाच्या देठावर प्लुमाटेला आणि हिस्लॉपिआ शेजारी बसलेले असतील, तर तिथे समुद्रातून आत आलेल्या दोन निरनिराळ्या प्रवासांची टोकं भेटलेली असतात.

सातारा जिल्ह्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९११ च्या सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर, मूळचे मालवणचे, मेढ्याजवळ वेण्णा नदीच्या पाण्यात फिरत असताना त्यांना जेलीफिश दिसले. नाण्याएवढे, काचेसारखे, गोड्या पाण्यात. त्या प्रकारचे जेलीफिश तोवर केवळ आफ्रिकेतले म्हणून ओळखले जात. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांचं वर्णन केलं आणि नाव दिलं लिम्नोक्निडा इंडिका. पोहणारा जेलीफिश दिसतो म्हणून त्याची बातमी होते. पण गोड्या पाण्यातल्या अशा जेलीफिशांच्या आयुष्यात आणखी एक रूप असतं: एखाद-दोन मिलिमीटरचा, दगडाला चिकटलेला पॉलिप. पोहणारी पिढी त्याच्यातून निघते, काही काळ दिसते आणि नाहीशी होते. वर्षाचा उरलेला काळ सगळं वंशसातत्य त्या न दिसणाऱ्या ठिपक्याच्या भरवशावर.

आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, पुण्यात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि ती संस्था आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली पुण्यातल्या पाण्यातल्या हायड्राचं रीतसर वर्णन केलं. आज प्रयोगशाळांमध्ये त्या वाणाच्या नावात पुणे आहे. वेण्णेच्या डोहापासून त्या हायड्रापर्यंत शंभर वर्षं गेली, आणि मधल्या काळात या विषयाकडे वळलेले लोक हातावर मोजण्याइतके. अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्येच भारतातले गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रासारखे जीव आणि ब्रायोझोआ यांच्यावर एक अख्खा ग्रंथ लिहून ठेवला होता. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. इतकी भक्कम सुरुवात मिळूनही हा विषय आपल्या महाविद्यालयांत पाठ्यपुस्तकातल्या हायड्राच्या आकृतीपुरता उरला. पुण्यातल्या काही अभ्यासकांनी अलीकडे आसपासच्या स्पंजांचे काटे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जाती नक्की केल्या, हे काम फार मोलाचं आहे. असं काम प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवं होतं.

या जिवांचं पाण्यात काम काय, असं कुणी विचारतं. मला हा प्रश्न तितकासा आवडत नाही. असण्यासाठी काम दाखवावं लागू नये. पण उत्तर आहे. बोटाएवढा स्पंज दिवसभरात शंभर लिटरहून जास्त पाणी आपल्या अंगातून नेऊ शकतो, असं मोजलं गेलं आहे. त्यातले जीवाणू आणि बारीक कण तो टिपतो. त्याच्या अंगाच्या खाचांत डासांच्या जातकुळीतल्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या घर करतात. सिसायरा नावाच्या एका नाजूक कीटकाची अळी तर स्पंजावरच जगते. सुईसारखं तोंड स्पंजात खुपसून रस शोषते आणि वाढ पुरी झाली की पाण्याबाहेर येऊन कोश विणते. स्पंज गेला की सिसायरा गेली. ब्रायोझोआंच्या दाट वसाहतीत लहान कृमी, अळ्या, गोगलगाईंची पिल्लं आसरा घेतात, आणि त्यांना खायला मासे येतात.

माणसाला या जिवांचा त्रासही झाला आहे. १८८५ च्या सुमारास कार्ल क्रेपेलिन यांनी जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहराच्या पाण्याच्या नळांत काय राहतं ते तपासलं, तर आत स्पंज, ब्रायोझोआ आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या जिवांची दाट वस्ती. एल्ब नदीचं पाणी न गाळताच नळात सोडलं जात होतं, त्यामुळे खायला भरपूर. १८९२ मध्ये त्याच न गाळलेल्या पाण्यातून कॉलऱ्याने तिथे हजारो माणसं गेली, आणि दुसऱ्या वर्षी गाळणीची व्यवस्था सुरू झाली. नळातल्या वस्तीने सात वर्षं आधी सांगून ठेवलं होतं, की हे पाणी जसंच्या तसं येतं आहे.

आज आपल्या पाण्यात ही वस्ती कुठे टिकते, ते मी पाहत आले आहे. जलपर्णीच्या मुळांवर, बुडालेल्या दोरखंडांवर, टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरसुद्धा प्लुमाटेला बसतो. त्यावरून कुणी समाधान करून घेऊ नये. चिवट जाती कुठेही बसतात. कातळाला धरून राहणारे, स्वच्छ वाहतं पाणी आणि अधांतरी दगड मागणारे जीव बाटलीवर येत नाहीत, आणि नुकसान होतं ते त्यांचं. नदीचे काठ काँक्रीटने बांधले की खाचा-फटी संपतात. वाळू उपसली की दगड गाडले जातात. धरणाखाली पाणी एका दिवशी भरभरून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी बंद केलं, की काठचे जीव उघड्यावर वाळतात, आणि ऋतूच्या इशाऱ्यावर बीजं तयार करणाऱ्या जिवाला अशा अचानक कोरडेपणासाठी तयारीला वेळच मिळत नाही.

आणि गाळ. तळ्यातला गाळ काढून शेतात टाकण्याची कामं आपल्याकडे आता मोठ्या प्रमाणावर होतात. ती व्हायला हवीत. पाणी साठतं, जमीन सुधारते, हे मी गावात पाहिलं आहे. पण त्या वाळलेल्या गाळाच्या वरच्या थरातच तळ्याची पुढच्या पावसाची बीजं असतात: जेम्यूल, स्टॅटोब्लास्ट, रोटिफरांची अंडी. यंत्राने एका उन्हाळ्यात अख्खा तळ खरवडला, तर तळं पाण्याने भरतं आणि जिवांनी रिकामं राहतं. एका बाजूची पट्टी, जुने दगड असलेला एखादा कोपरा, न खरवडता सोडला तरी पुष्कळ वाचतं. बारवांच्या साफसफाईचंही तसंच. उत्साही तरुण मंडळी बारव उपसून तिच्या पायऱ्या तारेच्या घासण्यांनी चकचकीत करतात. त्यांच्या मेहनतीला माझा नमस्कार. पाण्याखालच्या दोन-चार पायऱ्यांचे सांधे तेवढे घासू नका, एवढंच मागणं.

हे फार खर्चाचं किंवा कायद्याचं काम नाही. कुणीतरी आधी जाऊन पाहायचं, काय आहे ते लिहून ठेवायचं, आणि कुठली जागा सोडायची ते ठरवायचं. कार्टर यांच्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक सूक्ष्मदर्शक आणि तळ्याचा काठ एवढंच होतं. तुमच्या गावच्या तळ्याचं, ओढ्याचं किंवा बारवेचं काम निघणार असेल, तर यंत्र येण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एक दिवस काठावर बोलवा.